अर्जात ‘इरेझ’ लिहावं का?

अमळनेरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.ए.पर्यंत. मराठी अर्ज मी न अडखळता टाइप करते, पण बँका, फायनान्स कंपन्या, विमावाले यांच्यासाठी लोक इंग्रजी अर्ज मागायला लागले की हात थबकतो. मध्यंतरी आमच्या गल्लीतल्या मावशींसाठी बँकेला अर्ज लिहून दिला. काका वारले, खातं दोघांच्या नावावर, त्यातून काकांचं नाव कमी करायचं होतं. मी लिहिलं, “प्लीज इरेझ द नेम ऑफ माय हजबंड.” काउंटरवरचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “रबर आणलंय का सोबत?” मावशींना काही कळलं नाही. मला मात्र फार लागलं. डिक्शनरीत इरेझ म्हणजे पुसून टाकणे, काढून टाकणे असंच दिलंय. मग माझं चुकलं कुठे? इरेझ, डिलीट, कॅन्सल यांत फरक काय? सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला कोणता शब्द? शिवाय माझा सातवीतला मुलगा म्हणतो, शाळेत बाई “इरेस” म्हणतात, यूट्यूबवर “इरेझ” ऐकू येतं. बरोबर कोणतं?’

ताई, नमस्कार.

आधी त्या साहेबांबद्दल. नवरा गेलेली बाई समोर उभी असताना असं बोलणं कोणालाच शोभत नाही. तुमच्या वाक्याचं व्याकरण बरोबर होतं, अर्थही त्यांना कळला होता, नाहीतर टोमणा सुचला नसता. शब्द बदला एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण शब्द बदलायला हवा होता हे खरं आहे, आणि का, ते एकदा समजलं की तुमचे निम्मे इंग्रजी अर्ज सोपे होतील.

इरेझ हे क्रियापद लॅटिनमधून आलं. त्याच्या मुळाशी ‘खरवडून काढणे’ ही क्रिया आहे. दाढीचं रेझर त्याच कुळातलं. रोमन लोक मेणाच्या पाट्यांवर टोकदार लेखणीने लिहायचे आणि तिच्याच चपट्या टोकाने मेण सारखं करून लिहिलेलं घालवायचे. चर्मपत्रावरची शाई चाकूने खरवडायचे, कारण चर्मपत्र महाग होतं आणि तेच पुन्हा वापरायचं असायचं. इंग्रजीत आजही या शब्दाचा सगळा जोर तिथेच आहे. कुठेतरी काहीतरी उमटलेलं होतं, आणि आता ते उमटलेलंच नव्हतं असं दिसायला हवं.

म्हणजे इरेझ वापरायचं तर दोन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, काहीतरी नोंदलेलं, उमटलेलं असावं: अक्षर, रेघ, आवाजाचं रेकॉर्डिंग, कॉम्प्युटरमधली माहिती, मनातली आठवण. धूळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, टेबलावर सांडलेला चहा यांना इरेझ चालत नाही, तिथे वाइप. आपल्याकडे ‘पुसणे’ या एका क्रियापदात दोन्ही येतं, म्हणून मराठीतून विचार करणाऱ्याची इथे गल्लत होते. फळ्यावरचं गणित इरेझ करता येतं. फळ्याच्या कडेला साचलेली खडूची भुकटी फक्त वाइप करायची. वाक्यात वापरताना इरेझच्या पुढे थेट ती वस्तू येते, आणि कशातून ते सांगायचं असेल तर ‘फ्रॉम’. ‘इरेझ आउट’, ‘इरेझ ऑफ’ असं काही लिहू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. इरेझ केल्यावर मागे खूण उरू नये असा त्याचा हेतू असतो. आणि कचेरीच्या, बँकेच्या कागदाचा हेतू नेमका उलटा असतो.

तुमच्या दुकानात रोज सातबारे निघतात. त्यातला एक हातात घ्या, ज्यावर वारस लागलेले आहेत असा. वारलेल्या माणसाचं नाव कागदावरून नाहीसं झालेलं नसतं. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर ते कंसात जायचं. 2020 नंतरच्या नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते. सोबत फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, काढला की कोण वारलं, वारस कोण, नोंद कधी मंजूर झाली, सगळं वाचता येतं. सोसायटीचा बोजा कमी झाला तरी तसंच. कर्ज होतं आणि ते फिटलं, या दोन्ही गोष्टींचा पुरावा तिथेच राहतो. उद्या भाऊबंदकी निघाली, कोर्टात कागद गेला, तर त्या रेघेखालचं नावच कामाला येतं. ते कुणी खरंच इरेझ केलं तर तो रेकॉर्डमध्ये छेडछाड केल्याचा गुन्हा ठरेल. साहेबांना तुमचा शब्द खटकला तो यामुळे. अर्जात तुम्ही नकळत त्यांना रेकॉर्ड नष्ट करायला सांगत होतात.

अशा कागदांसाठी इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि खूण मागे कशी राहते त्यावर ती ठरतात.

खात्यातून, रेशनकार्डातून, मतदारयादीतून नाव कमी करायचं तर डिलीट. मूळ लॅटिन अर्थ ‘नष्ट करणे’ असा भयंकर असला तरी कचेरीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ चालू यादीतून नोंद वगळणे एवढाच. मतदारयादीसाठी नमुना 7 भरता ना, तोही डिलीशनचाच. मावशींचा अर्ज असा हवा होता: ‘माय हजबंड पास्ड अवे ऑन’, पुढे तारीख, मग ‘प्लीज डिलीट हिज नेम फ्रॉम अवर जॉइंट अकाउंट’, मग ‘आय एन्क्लोज अ कॉपी ऑफ हिज डेथ सर्टिफिकेट’. तीन वाक्यं पुरे. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’ असली जुनी झालर लावू नका. आपल्या लोकांना वाटतं त्याने अर्ज वजनदार होतो, पण वाचणाऱ्याला कामाचं वाक्य शोधावं लागतं.

कॅन्सल तर तुम्ही रोज पाहता. बँका कॅन्सल्ड चेक मागतात, म्हणजे त्यावर दोन तिरप्या रेघा मारून मध्ये शब्द लिहिलेला चेक. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या जाळीच्या कठड्याच्या शब्दात आहे. लिखाणावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारल्या की ते रद्द. रेघांखालचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड वाचता आलाच पाहिजे, त्यासाठीच तर तो चेक मागतात. आता तो चेक कुणी इरेझ करून आणला तर काय उपयोग? दिलेला हुकूम, काढलेलं तिकीट, केलेला करार, पॉलिसी, जे लागू आहे ते यापुढे लागू नाही असं करायचं तर कॅन्सल.

बोजाचं इंग्रजी जरा वेगळं आहे. तुमचं कर्ज फिटलं, आता जमिनीवरचा बँकेचा हक्क सोडवून घ्यायचा आहे. तिथे डिलीटही थोडा कोता पडतो, कारण नुसती नोंद नको आहे असं नाही. हक्क सुटायला हवा आहे. म्हणून बँकेला लिहा, ‘प्लीज इश्यू अ नो ड्यूज सर्टिफिकेट अँड रिलीज द चार्ज ऑन माय लँड’, पुढे गट नंबर आणि गाव. तो दाखला हातात आला की तलाठ्याकडचा अर्ज मराठीतच करा, विषय ‘सातबाऱ्यावरील बोजा कमी करणेबाबत’. विकासोच्या, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या, कर्जाला तर सगळंच मराठीत चालतं. ट्रॅक्टर फायनान्सवर घेतलेला असेल आणि आरसीवरचा फायनान्स कंपनीचा बोजा उतरवायचा असेल तर शब्द आहे ‘टर्मिनेशन ऑफ हायपोथिकेशन’. त्यासाठी आरटीओला फॉर्म 35 लागतो, त्यावर फायनान्स कंपनीची सही हवी. लोक ‘एचपी काढायचीय’ म्हणत तुमच्याकडे येतात ते हेच.

हे सांगताना एक गोष्ट आग्रहाने सांगते. राज्य शासनाच्या कचेरीत इंग्रजी अर्ज करायची गरजच नाही. राजभाषा अधिनियम 1964 पासून मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे. बँकांनाही रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचना आहेत, की ग्राहकांसाठीचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाच्या भाषेत असावेत. मावशींना ज्या कागदावर सही करायला लावतात तो त्यांना वाचता आला पाहिजे. तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं की इंग्रजीत लिहा, तरी आधी विचारा, कशाला? फायनान्स कंपनीचं मुख्य ऑफिस परराज्यात आहे, विम्याचा दावा मुंबईहून पास व्हायचा आहे, असं असेल तर इंग्रजी जरूर लिहा.

इरेझ हा शब्द तुमच्या कागदांत येतो, पण नामाच्या रूपात. प्रतिज्ञापत्रावर, टेंडरवर, परीक्षेच्या अर्जावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की ‘इरेझर्स’ आणि ‘ओव्हररायटिंग’ चालणार नाही. तिथे इरेझर म्हणजे खोडरबर नव्हे. ते दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग वेगळं आहे. हा इरेझर म्हणजे खोडल्याची जागा, आपली खाडाखोड. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 20 मध्येही हा शब्द आहे. दस्तात ओळींमध्ये घुसडलेला मजकूर, कोऱ्या जागा, खाडाखोड किंवा बदल असेल तर तिथे लिहून देणाऱ्यांच्या सह्या किंवा आद्याक्षरं पाहिजेत, नाहीतर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. म्हणून टाइप केलेल्या दस्तात चूक निघाली तर व्हाइटनर लावू नका. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर शब्द लिहा आणि शेजारी सही घ्या. चेकवर तेही नको. तारखेच्या दुरुस्तीखेरीज खाडाखोड चालत नाही, सरळ नवा चेक फाडायचा.

लोकसभेतसुद्धा असंच आहे. एखाद्या सदस्याचं बोलणं असंसदीय किंवा बदनामीकारक वाटलं तर अध्यक्ष नियम 380 खाली ते कामकाजातून काढायला सांगतात. त्या क्रियेला इंग्रजीत एक्स्पंज म्हणतात. याच्या मुळाशी टोचणे, टिंब देणे आहे, वगळायच्या मजकुराला टिंबांनी खूण करायची पद्धत होती. आजही छापील कामकाजात त्या शब्दांच्या जागी फुल्या येतात आणि तळटीप येते की अध्यक्षांच्या आदेशाने वगळलं. इतिहासाला एवढं तरी कळतं की इथे काहीतरी बोललं गेलं होतं. कोर्टाच्या निकालातले ताशेरे काढून घेतानाही हाच शब्द. तुम्हाला अर्जात तो क्वचितच लागेल.

आता इरेझची खरी, हक्काची जागा. ती तुमच्या टेबलावरच आहे.

तुमच्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकांची पहिली पानं पडलेली असतील. व्हॉट्सॲपवर येतात, प्रिंट निघते, फाइल तशीच राहते. त्या तुम्ही डिलीट करता तेव्हा त्या रिसायकल बिनमध्ये जातात. बिन रिकामी केली तरी बऱ्याचदा डिस्कवर फक्त ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद होते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी माहिती खास सॉफ्टवेअरने परत काढता येऊ शकते. मागमूस न राहील असं पुसणं म्हणजे इरेझ. म्हणूनच फोन विकायच्या आधी जो पर्याय निवडायचा, त्याला अँड्रॉइडमध्ये ‘इरेझ ऑल डेटा’ आणि आयफोनमध्ये ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ म्हटलंय. एकेक फोटो डिलीट करत बसून फोन विकू नका, हे गिऱ्हाइकांनाही सांगा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माणसाला आपल्या माहितीबाबत जो हक्क दिला आहे, तिथेही ‘करेक्शन अँड इरेझर’ असाच शब्द आहे. एखाद्या ॲपकडे तुमची माहिती पडून असेल आणि ती पुसून टाका असं लिहायचं असेल तर बेलाशक लिहा, ‘प्लीज इरेझ माय पर्सनल डेटा’. तिथे इरेझच शोभतो. आणि तुमच्या दुकानातल्या त्या फाइली रोज संध्याकाळी काढत जा, व्हॉट्सॲपमधूनही. गरीब माणसाचं आधार भलत्याच्या हाती पडलं तर तो बिचारा कुठे कुठे फिरेल?

कर्जाबाबत एक सावधगिरी. मराठीत आपण कर्जही मिटवतो, भांडणही मिटवतो, त्यामुळे इरेझ सुचतो. इंग्रजी पेपरात ‘डेट इरेझ्ड’ किंवा बाजार घसरला की ‘इरेझ्ड गेन्स’ असं येतंही, ते चूक नाही. पण ते बातमीचं लिखाण. अर्जात कर्ज फेडलं तर रिपेड, वाद मिटला तर सेटल्ड, माफ झालं तर वेव्ह्ड. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफी योजनांच्या वेळी जो तो ‘वेव्ह ऑफ’ लिहीत होता. माफ करण्याच्या त्या क्रियापदाला ‘ऑफ’ लागत नाही. ‘ऑफ’ लागतो तो राइट ऑफला, आणि तिथे नीट लक्ष द्या. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ते कर्ज बाजूला काढलं. कर्जदाराचं देणं त्यामुळे संपत नाही, वसुली चालू राहू शकते. एखादा शेतकरी ‘माझं लोन राइट ऑफ झालं’ म्हणत खुशीत तुमच्याकडे आला तर त्याला ते पत्र नीट वाचून दाखवा.

मनातल्या, लोकांच्या आठवणीतल्या गोष्टींना इरेझ फार चांगला बसतो. खानदेश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, महाराष्ट्र झाल्यानंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्यांच्या यादीत खानदेश आज कुठेच नाही. इंग्रजीत सांगायचं तर ते नाव यादीतून ड्रॉप झालं, पण कोणाच्या मनातून इरेझ झालं नाही. सुरतेला कामाला गेलेला माणूससुद्धा गाव विचारलं तर आधी खानदेशच सांगतो. मुलाला इरेझचं वाक्य हवं असेल तर हे द्या.

डिक्शनरीत इरेझच्या शेजारी ऑब्लिटरेट दिसला तर तो जपून वापरा. तो फार मोठा शब्द आहे: पुरात गाव वाहून जाणं, बॉम्बने वस्ती बेचिराख होणं. मूळ मात्र लिहिलेलं अक्षर मिटवण्याचं. आपल्याकडेही पोथी लिहिताना अक्षर चुकलं तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचे आणि वर बरोबर अक्षर लिहायचे. ‘हरताळ फासणे’ त्यातूनच आलं. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. मुलाला सुट्टीत घेऊन जा. जुन्या पोथ्यांत असे पिवळे ठिपके कुठे दिसतात का, ते शोधायला त्याला फार आवडेल.

उच्चाराचं म्हणाल तर बाईही बरोबर आणि यूट्यूबही बरोबर. इंग्लंडमध्ये इरेझ म्हणतात, अमेरिकेत इरेस. मुलाने एक धरावा आणि तोच ठेवावा; आपल्या शाळांतलं बाकीचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे, म्हणून मी इरेझ सुचवीन. खोडरबरालाही इंग्लंडमध्ये रबर म्हणतात आणि अमेरिकेत इरेसर. पूर्वी पेन्सिलीचं लिखाण पावाच्या तुकड्याने घासून काढायचे. 1770 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने एका नव्या चिवट पदार्थाने ते छान निघतं असं नोंदवून ठेवलं. त्या पदार्थाला इंग्रजीत रबर हे नाव पडलं तेच मुळी घासण्यावरून. परीक्षेत मात्र स्पेलिंग पाहतात, आणि या शब्दात मुलं एस ऐवजी झेड घालतात. इरेझच्या स्पेलिंगमध्ये झेड नाही. झेड आहे तो ‘रेझ’ मध्ये, इमारत जमीनदोस्त करण्याच्या क्रियापदात. दोन्ही एकाच मुळाचे, उच्चारही जवळजवळ सारखा, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहून घटवायला सांगा.